दादांची सही

आमच्या मुलुंडच्या ऑफिसात श्रेय टीमलीड दादांच्या खात्यात जमा व्हायचं, चूक हाताखालच्यांच्या नावावर चढायची. एका घरात आम्ही बनवलेले दोन वायफाय कॅमेरे लावले की ते एकमेकांना बंद पाडायचे. खापर फुटलं ज्युनियर निमेशवर, नोकरी गेली. आज निरोपाचा केकही दादांनीच मागवला. कॅमेऱ्याचं वायफाय चालवणारा कोड साफसूफ करताना टीममधली निधी थबकली. प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतःचा पत्ता हवा. तो चिपमधून वाचता आला नाही की कोड सगळ्यांना एकच ठरलेला पत्ता चिकटवत होता. त्या पत्त्याच्या शेवटी इंग्रजी अक्षरं: डी, ए, डी, ए. “दादा, हे काय?” “माझी सही गं. टेस्टिंगपुरती टाकलेली, राहून गेली. गुपचूप काढून टाक ना,” निमेशच्या केकचं क्रीम बोटावरून चाटत ते म्हणाले. निधीला शिसारी आली. ती ओळ काढून तिने सगळ्या ऑफिसला मेल टाकला: ‘बिघाडाचं कारण: दादा.’