कडेची बोटं

एकोणीसशे सत्त्याऐंशी साली कंपाउंडरला फोटोंचं वेड लागलं. दर रविवारी हौशी मंडळी वाचनालयाच्या खोलीत आपापले फोटो भिंतीला लावत आणि एकमेकांच्या चुका काढत. फोटो काढताना समोरच्यावर उजेड पडावा म्हणून कंपाउंडरची बायको पांढरी चादर धरून उभी राही, आणि तिची बोटं हटकून फोटोच्या कडेला येत.

"पुन्हा आली बोटं! कापा की हो ती," चित्रकलेचे मास्तर म्हणत.

कंपाउंडर घरी येऊन मुकाट्याने कात्री चालवी. कापलेल्या पट्ट्या ती पुस्तकात खुणेला घाली.

"अहो, कधीतरी माझाही काढा की."

"काढू गं. आत्ता रीळ संपलंय. पुढच्या रिळात पहिला तुझाच."

पुढे मास्तर लेकीकडे राहायला गेले, मंडळी पांगली, कंपाउंडरला दोन बक्षिसंही मिळाली. मग तापाचं निमित्त होऊन बायको गेली. भिंतीवर लावायला म्हणून त्याने सगळं घर पालथं घातलं, पण तिचा चेहरा असलेला एकही फोटो निघाला नाही.



तिच्या अर्धवट वाचलेल्या पुस्तकातली पट्टी आता चौकटीत आहे. चादरीची कड, आणि चार बोटं.