लेकीचं टेबल

पूर्वीने कॅसिनोत नोकरी धरली, त्या दिवसापासून रघुवीरनी लेकीशी बोलणं टाकलं. लेस्टरच्या मराठी मंडळात कोणी विचारलंच, तर ‘बँकेत असते’ म्हणून मोकळे होत. दोन वर्षांनी मात्र त्यांच्या मनाने घेतलं, की तिच्यासमोर जायचं तर निदान तिचं फाशांच्या टेबलावरचं काम तरी कळायला हवं. महिनाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर फासे टाकत ते घोकत राहिले : पहिल्याच फेकीत सात किंवा अकरा पडले की जिंकलो, दोन, तीन नाहीतर बारा पडले की हरलो.

शनिवारी दुपारी ते थेट तिच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. पूर्वीचा चेहरा पांढराफटक पडला. ते फासे उचलणार, इतक्यात सुपरवायझर पुढे आला.

“सर, तुम्ही हिला ओळखता का? डीलरच्या घरच्यांना इथे खेळता येत नाही.”

पूर्वीने मान खाली घातली. बाबा नाहीच म्हणणार, अशी तिची खात्री असावी.

“ओळखतो तर!” आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात रघुवीर म्हणाले, “माझी मुलगी आहे ही.”