तीसपैकी अठरा

हॉलमध्ये खुर्च्या नव्वद होत्या आणि मतदानाचा हक्क असलेले सभासद एकशे सात. सतरा जण भिंतीला टेकून उभे होते. धम्मदीपानं दारातच प्रत्येकाच्या हातातलं निळं कार्ड मोजलं होतं, दोनदा. टोबियासला तिनं धरलं नव्हतं. निलंबित खेळाडूला मत नसतं.

तो सगळ्यांसमोर एकटा उभा होता. जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनजवळच्या या अमेरिकन फुटबॉल क्लबचा एकेकाळचा क्वार्टरबॅक. बॉल कुणाकडे जाणार हे ठरवणारा माणूस. दोन वर्षांची बंदी आता संपत आली होती. त्याला पुन्हा व्यावसायिक संघात घ्यायचं की नाही, एवढाच आज प्रश्न होता.

"मी खरा आकडा ऐकला होता," तो म्हणाला. "गप्प बसलो. मला पुन्हा खेळायचंय."

एवढं बोलून तो बाजूच्या बाकावर जाऊन बसला. चार-पाच जणांनी टाळ्या वाजवल्या. धम्मदीपा उठली.

"कुठला आकडा, ते मी सांगते. उपांत्य सामन्याआधी सरावात माझ्या भावाच्या डोक्याला मार बसला. डॉक्टरांनी त्याची चाचणी घेतली. तोल, स्मरण, सगळं. तीसपैकी अठरा. अठरा गुणांवर कुणाला मैदानात उतरू देत नाहीत. मदतनिसानं टाइप केलं अठ्ठावीस. हा शेजारी बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. यानं अठरा ऐकलं, पडद्यावर अठ्ठावीस पाहिलं, आणि नाड्या बांधत राहिला. का? तर उज्ज्वल नसता तर याचे बॉल झेलणार कोण?"

शेवटच्या रांगेत तिचा भाऊ उज्ज्वल काळा चष्मा लावून बसला होता. त्या सामन्यात त्याला दुसरा मार बसला होता.

"आता तो अकरा मिनिटं वाचू शकतो," ती म्हणाली. "मग ओकतो. मी घड्याळ लावून पाहिलंय."

पलीकडून उर्जा उठली. अठरा वर्षांची, मुलींच्या संघाची क्वार्टरबॅक. बॉल फेकायला तिला टोबियासनंच शिकवलं होतं.

"पण तो स्वतःहून सांगायला आला," ती जर्मनमध्ये म्हणाली. "नसता आला तर कुणाला कळलं असतं?"

"आठ महिन्यांनी आला."

"पण आला ना, दीपाताई."

'ताई' तेवढं मराठीत होतं. धम्मदीपाला त्याचाच जास्त राग आला.

"हे बघ. मोजमाप चुकतं. येनाच्या प्रयोगशाळेत मी स्वतः रोज चुकते. पण खरा आकडा माहीत असून खोट्याचा फायदा घेत बसणं, ही चूक नव्हे. तो गुन्हा आहे, आणि त्याला माझ्याकडे माफी नाही. याला दुसरी संधी द्यायची असेल, तर माझ्या भावाला दुसरं डोकं द्या."

या वेळी कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत.

मतदान झालं. अध्यक्ष फॉग्ट यांनी पेटी टेबलावर ठेवली आणि मोजणीसाठी दोन्ही बाजूंचा एकेक माणूस मागितला. त्या बाजूनं उर्जा पुढे आली. या बाजूनं कोण, असं विचारताच टोबियासचा एक जुना दोस्त मागून म्हणाला, "फ्राउ डॉक्टरच मोजू देत. चुकीच्या आकड्यांची इतकी चीड आहे, तर चुकायच्या नाहीत."

हॉल हसला. धम्मदीपा हसली नाही. ती टेबलापाशी गेली.

एकूण चिठ्ठ्या एकशे सात भरल्या. बाद एकही नाही.

"चार वाजता हँडबॉलवाले येतायत," फॉग्ट म्हणाले. "'नाइन' लिहिलेल्या, म्हणजे नकाराच्या, तेवढ्या मोजा. उरतील त्या होकाराच्या."

"दोन्ही गठ्ठे मोजायला हवेत."

"अहो, एकशे सातातून वजाबाकी मलाही येते, फ्राउ डॉक्टर."

टेबलाभोवती माणसं वाकून उभी होती. अध्यक्षांनी जाहीर करण्याआधी आकडा फुटता कामा नये, असा नियम होता.

"मी मराठीत सांगते, म्हणजे यांना कळणार नाही," धम्मदीपा हळूच म्हणाली. "तू लिही."

उर्जाचा जन्म इथलाच. घरच्या मराठीला ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. "मराठी आकडे माझे कच्चे आहेत," ती कुजबुजली.

"सोपं आहे गं. जर्मनसारखंच. एकक आधी, दशक मग."

"आख झो. गेनाऊ." अच्छा, तसंच की, असं तिनं जर्मनमध्ये म्हटलं.

धम्मदीपानं 'नाइन'चा गठ्ठा मोजला. थांबली. बोटांना थुंकी लावून पुन्हा मोजला. तोच आकडा. वजाबाकी तिनं मनात केव्हाच केली होती, बाजूनं अठ्ठावन्न. नऊ मतांनी टोबियास परत आला होता.

"एकोणपन्नास," ती म्हणाली.

उर्जानं ओठांतल्या ओठांत नऊ आणि पन्नास जुळवले, आकडा लिहिला, खाली सही केली आणि कागद पुढे सरकवला. तिचे डोळे भरून आले होते.

धम्मदीपानं कागद वाचला. मग पुन्हा वाचला. मागच्या रांगेत उज्ज्वलनं चष्मा काढून डोळ्यांवर तळवे दाबून धरले होते. उजेड फार झाला की तो तसंच करायचा. बाकावर टोबियास मान खाली घालून बसला होता.

"बरोबर आहे ना?" फॉग्टनी विचारलं. "इतका वेळ का लागतोय?"

"हो," धम्मदीपा म्हणाली. "बरोबर आहे."

तिनं सही केली. फॉग्टनी चिठ्ठ्या पाकिटात भरल्या, पाकीट चिकटवलं, त्यावर क्लबचा शिक्का मारला. मग कागद हातात घेऊन ते उभे राहिले.

"विरोधात एकोणसाठ. बाजूनं अठ्ठेचाळीस."