निद्रामंदिर

"डोळे मिट, ताई. आता देव येईल," पुजारी तिच्या कानाशी कुजबुजला आणि त्याने आपली घसरलेली दाढी सारखी केली.

पुजारी तो दिवसाचे सहा खेळ संपेपर्यंतच. एरवी तो तिचा धाकटा भाऊ. संग्रहालयाच्या तळघरात हजारो वर्षांपूर्वीचं एक निद्रामंदिर उभं केलं होतं. त्या काळी आजारी माणसं अशा मंदिरात येऊन दगडी ओट्यावर निजायची. देव स्वप्नात यायचा आणि बरं करून जायचा. इथले ओटे फायबरचे होते, धुकं यंत्रातून येई आणि देव छतावरच्या प्रोजेक्टरमधून. पण निळसर उजेड पाझरू लागला, कानांवरच्या हेडफोनमध्ये पाणी ठिबकू लागलं की भलेभले पेंगायला लागत. समोरच्या ओट्यावरचे एक जाडजूड गृहस्थ तर देव यायच्या आतच घोरायला लागले होते.

ताईला मात्र झोप नव्हती. आई गेली त्याला तीन महिने झाले, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. तिचा चेहरा पार ओढला होता. काल तर ती गॅस पेटता ठेवून जिन्यात जाऊन बसली होती. म्हणून आज भाऊ तिला हट्टाने इथे घेऊन आला. खोट्या देवावर खरा भरवसा टाकायची वेळ त्याच्यावर आली होती.

देव आला. उंच, हातात काठी, पावलांचा जराही आवाज न करता तो भिंतीवरून चालत आला आणि ताईच्या ओट्यावर वाकला. धुक्यात तिचे केस चंदेरी दिसत होते. रोज सहा वेळा हे पाहणाऱ्या भावालाही क्षणभर वाटलं, आजचा देव खराच आहे.

ताईने डोळे उघडले आणि कानांवरचा हेडफोन काढून ठेवला.

"काय झालं गं?"

"छान आहे रे सगळं. पण हे कानाला लावून झोपू कशी? हाक मारली तर ऐकू कसं येणार?"

कोणाची हाक, हे त्याला ठाऊक होतं. दोन वर्षं ताई आईच्या खाटेशी चटई टाकून निजत होती, एक कान जागा ठेवून. आईची हाक त्यालाही ऐकू यायची. त्याची खोली शेजारचीच. तो कूस बदलायचा. आपल्याला सकाळी लवकर कामावर जायचंय, ताई आहेच की, असं मनाशी म्हणायचा आणि पुन्हा झोपून जायचा. ताईने कधी चकार शब्द काढला नाही. एकदा तरी कडकडून भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं, आणि असं वाटल्याचीही लाज वाटली.

त्याने दाढी उतरवली. तिच्या ओट्याला पाठ लावून तो खाली फरशीवर बसला.

"तू झोप, ताई. हाक आली तर मी उठतो."

ताई त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. हा खरं बोलतोय की वेळ मारून नेतोय, ते बघत असावी. मग ती कुशीवर वळली.

आपली ठरलेली वेळ संपवून देव भिंतीत विरून गेला. दिवे लागले. गृहस्थ जांभया देत निघून गेले आणि पुढच्या खेळाची माणसं दाराशी आली. त्याने ओठांवर बोट ठेवलं. का कोण जाणे, कुणी हुज्जत घातली नाही. बूट हातात घेऊन, पावलं न वाजवता सगळे आत आले आणि भिंतीकडेने बसून राहिले. तेवढ्या माणसांत ताईचा संथ श्वास तेवढा ऐकू येत होता.

झोपेतच तिचे ओठ हलले. "आईला पाणी दे रे. कोमट दे."

"देतो," तो म्हणाला, आणि दोन वर्षं उशिरा का होईना, उठून उभा राहिला.