थोरलीचा उरक

थोरल्या सुनेचं, शेवंताचं कौतुक सांगताना सासूचं तोंड कधी दुखलं नाही. "हिचे कांद्याचे दोन वाफे लावून व्हत्यात, तवा कुठं धाकटीचा एक," असं ती पाहुण्यांनाही ऐकवायची. धाकटी नीलम थोरलीला गाठता गाठता मोडून गेली होती.

थोरली खायची दोघींचं, तरी वाळत चाललेली. भर थंडीत घामानं भिजायची. एक दिवस वाफ्यातच छाती धरून बसली, तेव्हा सासू नि नीलम तिला शिरूरच्या दवाखान्यात घेऊन गेल्या.

रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "गळ्यात थायरॉईडची ग्रंथी असते. हिची जादा काम करतेय. त्यामुळं बसल्या जागीसुद्धा काळीज पळतंय. गोळ्या देतो, पण ते ताळ्यावर येईपर्यंत काम बंद. नाहीतर काळीज थकून जाईल."

"म्हंजी हिचा उरक, ह्यो आजार व्हता?" सासूनं विचारलं.

"आजारच."

नीलमला वाटलं, सुटले एकदाची. तेवढ्यात सासूनं तिला दंडाला धरून पुढं केलं. "मग हिची बी गिरंथी बघा, डाक्टरसाहेब. हिची कामच करत न्हाई."

डॉक्टरांनी हसत नीलमची नाडी धरली, गळा चाचपला. "ही ठणठणीत आहे, आजी."

"व्हय? मग झालं तर," सासू पदर सावरत उठली. "उद्यापासनं थोरलीचे वाफे बी हिच्याकडंच."

परतीच्या एसटीत थोरलीला झोप लागली. शेजारी नीलम पुन्हा पुन्हा आपला गळा चाचपत राहिली.