पाच ग्रॅमचा जीव

कापडी पिशवी वजनकाट्यावर ठेवली, तर आत काही आहे असं वाटेचना.

“पाच ग्रॅम. थोडं वरच,” बायको म्हणाली. “चांगली भरलीय की.”

जुन्या, कोरड्या पडलेल्या कालव्याच्या बोगद्यात नवरा-बायको दोघं गुडघे टेकून बसली होती. वटवाघळांचा अभ्यास हा दोघांचा जन्माचा उद्योग. डोक्यावर छताला पाकोळ्यांची दाटी होती. पाकोळी म्हणजे अंगठ्याएवढं वटवाघूळ. दरवर्षी यायचं, थोड्या पकडायच्या, तोलायच्या, पंखाच्या हाडावर आकडा कोरलेली बारीक कडी घालायची आणि सोडून द्यायच्या. बायको मात्र बऱ्याच वर्षांनी आज आत आली होती. त्यानेही कधी फार आग्रह केला नव्हता.

त्याने पाकोळी पिशवीतून काढली, अलगद पंख उलगडला. पंखावर आधीच कडी होती. घासून घासून पांढरी पडलेली, आणि आकडा उलटा.

त्याने पटकन अंगठ्याने ती झाकली.

उलट्या आकड्याची कडी या बोगद्यात एकच होती. ती बारकीने घातली होती. बारकी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. जन्मली तेव्हापासून लहानखुरी, म्हणून बारकी. शाळेला सुट्टी होती, हट्ट करून आत आली. श्वास रोखून कडी दाबली, आणि चूक लक्षात आल्यावर तिचे डोळेच भरले.

“असू दे गं,” तो म्हणाला होता. “पाकोळीला कुठं वाचायचंय?”

बारकी डोळे पुसत हसली होती. मग म्हणाली, “बाबा, एवढीशी ही. किती दिवस जगणार?”

“दिवस काय, वर्षं म्हण. वीस-तीससुद्धा. एवढ्याच वजनाचा उंदीर दीड-दोन वर्षांत आटपतो. हिचं तसं नाही.”

“का?”

“ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही.”

बारकी स्वतः त्यानंतर चारच वर्षं जगली. दुखण्यात शेवटी शेवटी तर तिला एका हातावर उचलता यायचं.

“काय झाकताय?” बायकोने विचारलं.

“काही नाही. जुनी कडी आहे. सोडतो हिला.”

“बघू.”

अंगठा काढावा लागला. बायको वाकली, तिने आकडा वाचला. बोलली तेव्हा तिचा आवाज एखादी तक्रार सांगावी तसा होता.

“ही जिवंत आहे.”

“हो.”

“अजून.”

त्याने बत्ती जवळ आणली.

मग दोघांनाही एकदमच दिसलं. कडीची कड झिजून धारदार झाली होती आणि पंखाच्या कातडीत रुतली होती. भोवती ओली जखम होती. तशीच सोडली, तर पंख जाणार हे दोघांनाही कळत होतं.

“कापायला हवी,” तो म्हणाला खरा, पण पक्कड घ्यायला त्याचा हात पुढे होईना. बारकीचे कपडे देऊन झाले होते. सायकल दिली. वह्या माळ्यावर गेल्या. तिच्या हातचं एवढंच काय ते अजून रोज संध्याकाळी बाहेर पडत होतं, शेतांवरून फिरून परत येत होतं.

“तुम्ही धरा,” बायको म्हणाली. “मी कापते.”

तिने पक्कड उचलली. तिचा हात स्थिर होता.

“दुखत असेल का हिला?”

“नाही.”

“खरं सांगा.”

“थोडंसं.”

“तेव्हाही तुम्ही असंच सांगायचात,” ती म्हणाली. शब्दांत राग नव्हता. तिने पक्कड दाबली. बारीकसा आवाज झाला आणि कडी सुटली. पाकोळीने एकदाच अंग आखडलं. बायकोने जखमेला औषध लावलं, फुंकर घातली. कडी न बघताच खिशात टाकली.

“दुसऱ्या पंखावर नवी घालू?” त्याने विचारलं. “नाहीतर पुढच्या वेळी ओळखायची कशी?”

“नको. राहू दे मोकळी.”

त्याने तळहात उघडा केला. पाकोळी लगेच उडाली नाही. त्याच्या ऊबदार हातावर अंग चोरून बसली, थरथरत राहिली. मग एकाएकी तळहात हलका झाला.

त्याने बत्ती वर धरली. छतावर शेकडो तपकिरी पाठी, सगळ्या सारख्या, एकमेकींना चिकटलेल्या. तो एका टोकापासून शोधत निघाला. पुन्हा मागे आला. पुन्हा पुढे गेला.

“इथंच कुठंतरी बसली,” तो म्हणाला. “आत्ता होती.”

बायकोने त्याचं मनगट धरून हात खाली घेतला.

“बत्ती बंद करा,” ती म्हणाली. “झोपू दे तिला.”