बिजलीला धरायचं काम

दवाखान्यातल्या टेबलावर आमची बिजली कुत्री थरथरत होती. गर्भाशयात पू झाला होता तिच्या. तिला धरायचं काम सुनेचं. मला मेली ती सुई बघवत नाही.

औषध भरता भरता डॉक्टर म्हणाले, “यानं गर्भाशय आवळतं, पू बाहेर पडतो. गरोदर बाईनं मात्र या औषधापासून लांब राहायचं.”

सुनेनं पटकन हात काढले आणि थेट दार गाठलं.

“अगं, पळतेस काय? धर ना तिला!” मी खेकसले. ती खाली बघून हसली. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

मग मीच बिजलीला कवेत घेतलं. सुई आत जाताना डोळेही मिटले नाहीत. तिच्या कानात म्हटलं, “लवकर बरी हो, बाई. पाळण्याशेजारी राखणीला कोण बसणार?”